जड नाव

बालिगे, २० फेब्रुवारी १९८६

हापोसान,

दोन वर्षांनी लिहिते आहे. खुशाली विचारायला लिहीत नाही. तुझी खुशाली मला बाजारात कळते, फुकट, आणि सगळ्यांच्या देखत.

काल पाद्रीबाबांची सोन्दांग खानावळीत जेवायला आली. ती तिकडे जावात, योग्याकार्ताला नर्सिंग शिकते हे मला ठाऊक होतं. सुट्टीत सोलोला तुमच्या घरी जाते, जेवते, राहते, हे ठाऊक नव्हतं. माशाचा तुकडा तोंडात घालता घालता म्हणाली, "काकू, आता तुम्ही ओंपू होणार म्हणायच्या. मूर्तिनीताईंच्या सातव्या महिन्याचं मी स्वतः जेवून आले. सात लुगडी बदलायला लावली हो बिचारीला, एकावर एक. घामाघूम झाली."

सगळ्या खानावळीचे हात ताटात थांबले. शेजारची कांदेवाली नाइ पोल्ताक, तिचे कान तर तुला माहीतच आहेत. ती म्हणाली, "काय गं, तुला पत्ताच नाही वाटतं?" मी म्हटलं, "पत्ता नसायला काय झालं. मुलाने पत्र टाकलंय. वाटेत असेल." तेव्हा आता तू पत्र टाक. माझं खोटं खरं कर, एवढं तरी तुझ्याने होईल.

तुझ्या बायकोला एक गोष्ट समजावून सांग, तिच्याकडे अशी रीत नाही म्हणतात. तू जन्मलास त्या दिवसापासून मला माझ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. आपल्याकडे पहिलं मूल झालं की आईबापाचं नाव बाजूला पडतं. मी नाइ हापोसान झाले, हापोसानची आई. तुझे बाबा आमानी हापोसान. पुढे थोरल्या मुलाला पहिलं मूल झालं की त्या नातवाच्या नावाने आजी-आजोबा ओंपू होतात, आणि ते नाव मग थडग्यापर्यंत. तुझे बाबा ओंपू न होताच गेले. त्यांच्या दगडावर तुझ्या नावापलीकडे काही नाही. लोक कबरस्तानात जाताना तो दगड वाचतात आणि चक् चक् करतात. मला ऐकू येतं.

आणि नाव तरी काय ठेवलं होतं तुझं. हापोसान, भरवशाचा. बाबांनी ठेवलं. दिवसभर लोक मला भरवशाच्या मुलाची आई म्हणून हाक मारतात आणि भात वाढ म्हणतात. तुझ्या लग्नाची तार आली तेव्हा तुझा मामा ओट्यावर बसून कॉफी पीत होता. आपल्या मुलीचं आणि तुझं कधी उरकायचं ते विचारायला आला होता. मामाची मुलगी आयती होती, शिकलेली होती, तुला लहानपणापासून आवडत होती असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तार तुझ्या धाकट्या भावाने, तिगोरने वाचून दाखवली. मामाने कप खाली ठेवला आणि टोपी घालून निघून गेला. कॉफी अर्धी होती.

झालं ते झालं. आता एकच मागते. मुलगा झाला तर नाव सहाला ठेव. तुला अर्थ सांगायला नको, तिला सांग: पूर्वजांचं तेज. पूर्वीच्या राजांच्या अंगी असायचं, ज्याच्यामुळे चारचौघं उठून उभी राहायची. बाबांच्या मनात ते नाव होतं. मुलगी झाली तर आपल्याकडचं कुठलंही ठेव. पण सु-ने सुरू होणारं नको. सुपार्नो, सुतार्नो, सुवार्नो, मला त्यातला एक दुसऱ्यापासून ओळखू येत नाही, आणि तेच नाव मला मरेपर्यंत अंगावर वागवायचं आहे.

नाइ हापोसान


बालिगे, १४ मे १९८६

हापोसान,

पत्र मिळालं. चार ओळी. मुलगा झाला, दोघं बरी आहेत, नाव सहाला ठेवलं, आईने तब्येत सांभाळावी. आपला पोस्टमनसुद्धा माझ्याशी यापेक्षा जास्त बोलतो. पण नाव ठेवलंस. तिगोर म्हणतो मी पत्र वाचून रडले. मी तेव्हा मिरच्या वाटत होते.

रविवारी जेवण घातलं. दोन डुकरं कापली, तलावातले मोठे मासे तिरफळ घालून केले, चर्चमधून झाडून सगळे आले. तुझे मोठे काका बोलायला उभे राहिले. दिराने धाकट्या भावाच्या बायकोशी तोंड वर करून बोलायचं नाही, ही त्यांची रीत त्यांनी अजून सोडलेली नाही. ते आमच्या मधल्या खांबाशी बोलतात आणि मी ऐकते. म्हणाले, "खांबा, ऐकून ठेव. आजपासून या घरात ओंपू सहाला राहते. पुन्हा तिला नाइ हापोसान म्हणणाऱ्याने आपल्या घरी जेवावं." सगळे हसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. खूप दिवसांनी मी त्या घरात कुणाची तरी वाटले.

नाइ पोल्ताकने मात्र आपलं नाक खुपसलंच. "नातू कुठाय? नातवाशिवाय ओंपू म्हणजे नवऱ्याशिवाय लग्न." मी म्हटलं, "एवढंसं पोर आहे, बोटीचा प्रवास कसा झेपेल?" ती म्हणाली, "पोराला नाही झेपणार. पोराच्या बापाला काय झालंय?" मी तिला जास्तीचा मासा वाढला, मग गप्प बसली.

मामाकडे मी चार खेपा घातल्या. ज्याच्या मुलीला तू नाकारलंस, त्यानेच तुझ्या बायकोला मुलगी म्हणून पदरात घ्यायचं, आपलं कुळ द्यायचं, म्हणजे तुझं लग्न आपल्या माणसांत धरलं जाईल. एवढं मोठं मन त्याने केलं. तो म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी करतो. त्या पोराचं नाव माझ्यासमोर काढू नकोस." आणि तू लिहितोस, मूर्तिनी म्हणते तिला वडील आहेत, दुसरे नकोत.

असतील की वडील. कुणाला नसतात? पण त्यांना कुळ आहे का? सोन्दांग सांगत होती, त्यांच्यात एकच नाव असतं, मागे पुढे काही नाही. लग्न झालं की पुरुष नवं नाव घेतो, दुखणं मागे लागलं की आणखी नवं. तुझ्या सासऱ्यांनी म्हणे तीन बदलली. मी विचारलं, मग बायको हाक कुठल्या नावाने मारते? तर ती म्हणे हाकच मारत नाही, खोकते. असल्या घरात माझ्या नातवाचं कसं व्हायचं?

बाळाला पाठीशी बांधायचं उलोस पाठवलं आहे. ते मामाने द्यायचं असतं. मामाने काही दिलं नाही, तेव्हा मीच विणून घेतलं, त्याच्या हाताला लावलं आणि त्याने दिलं असं धरलं. तुम्हीही तसंच धरा. लाल काठ खाली येऊ द्या.

खाली सही बघ. बाबांच्या नशिबी हे नव्हतं.

ओंपू सहाला


बालिगे, २ ऑक्टोबर १९८६

हापोसान,

तू लिहितोस, नाव जड झालंय.

नाव म्हणजे काय सिमेंटचं पोतं आहे? पोराला ताप येतो, आचके येतात, दूध टिकत नाही, दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, हे सगळं मी वाचलं. जिथे आचके लिहिलंस तिथे थांबून पुन्हा वाचलं. आणि मग तुझ्या सासूबाई म्हणतात, राजाच्या तेजाचं नाव एवढ्याशा जिवाला पेलत नाही, ते उतरवा, काहीतरी हलकं ठेवा, लाल आणि पांढरी खीर करून गल्लीत वाटा, पोर उठून बसेल. आणि तू मला विचारतोस, आई, बदलू का?

विचारलंस हे बरं केलंस. नाही.

माझा जन्म लोकांना खाऊ घालण्यात गेला. खिरीने कुणाचा ताप उतरलेला मी पाहिला नाही. डॉक्टर बदल. तो दवाखाना बदल. पाणी उकळून देता का? त्या मूर्तिनीला नीट खायला घालता का, की गूळ घातलेल्या भाज्याच चालल्यात अजून? आधी हे सगळं बदला, मग नावाचं बोलू.

नावं बदलण्याचं मला कुणी शिकवायला नको. चर्च यायच्या आधी आपल्याकडेही बदलायचे, माझी आजी सांगायची. माझ्या आईच्या पाठच्या भावाचं दुखण्यात नाव बदललं, मग पुन्हा बदललं. तिसऱ्या नावावर तो गेला. मग त्याला पुरताना कुठल्या नावाने रडायचं यावरून बायकांमध्ये भांडण झालं. पुढे जर्मन पाद्री आला, त्याने माझ्या भावाचं नाव विल्हेल्म ठेवलं. त्याचा अर्थ त्या पाद्र्यालाच ठाऊक, पण तुझा मामा विल्हेल्म होऊन साठीला आला, एक दात पडलेला नाही. नावाने कुणी मरत नाही आणि नावाने कुणी जगत नाही.

आणि माझं काय, हा विचार तुझ्या डोक्यात आला का? अख्ख्या कुळाने माझ्या घरी जेवून मला नाव दिलंय. सकाळी फळी उघडली की पहिला ट्रकवाला ओरडतो, "ओंपू सहाला, एक कडक कॉफी." चर्चमध्ये त्या नावाने खुर्ची देतात. उद्या त्या नावाचं पोर जगात नसेल तर मी कोण?

हे असं लिहायला नको होतं. खोडत नाही, शाई पसरते. तुला कळलं मला काय म्हणायचंय ते.

तू एकदा आपल्या मनाने केलंस, मी गिळलं. या वेळी गिळणार नाही. नाव बदललंस तर मला आई म्हणू नकोस.

ओंपू सहाला

ताप उतरला की तार कर. नाही उतरला तरी कर. तिगोरला पोस्टात फोन लावायला पाठवलं होतं, दुसऱ्याच एका कामाने जात होता म्हणून. लागला नाही. मामी म्हणते बाळाचं उलोस आजारपणात धुवायचं नसतं. मी यातलं काही मानत नाही. पण धुऊ नका.


बालिगे, ३० डिसेंबर १९८६

हापोसान,

तू तार केली नाहीस. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. पोस्टमन दिसला की मी हातातलं टाकून दारात यायचे, आणि तो वीजबिल देऊन जायचा. मग मला त्या बिलाचाच आनंद व्हायचा. काळ्या काठाचं पाकीट नाही, एवढंच पुरे वाटायचं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी खानावळ गच्च भरली होती. सोन्दांग आली. मी दोन्ही हातांत ताटं घेऊन उभी. मी फक्त "पोर?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "अहो काकू, एकदम छान. नुसता गुटगुटीत. स्लामेत आता धरून उभा राहतो."

"कोण?" हे नाइ पोल्ताकने विचारलं, मी नाही.

"स्लामेत. म्हणजे..." सोन्दांगने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "हापोसानदादांनी कळवलं नाही?"

मी ताटं ठेवली. विचारलं, "दात आले का?" ती म्हणाली, खालचे दोन. मी विचारलं, "दूध टिकतं?" म्हणाली, दूध काय, भातसुद्धा खातो, माझ्या हातातली केळीची फोड हिसकावून घेतली. मग मी आत गेले आणि चुलीपाशी बसून राहिले. तिगोर ताटं वाढायला पुढे झाला. बाहेर सगळे जेवत होते.

सोन्दांग मागून आत आली. म्हणाली, ऑक्टोबरात बदललं. खीर वाटली आणि त्याच आठवड्यात ताप गेला. "पण काकू, त्याच आठवड्यात डॉक्टरही बदलला होता," ती म्हणाली. "औषध नवीन होतं. मी चिठ्ठी स्वतः वाचली." ती नर्स होणार, तिने औषधाच्या बाजूने बोलायला हवं. मला त्या क्षणी खीरही पटली आणि औषधही पटलं. माझं 'नाही' पोचायच्या आधी तू बदललंस की नंतर, ते मला सांगू नकोस.

स्लामेत. सुखरूप. सोलोच्या गल्लीगल्लीत सायकलरिक्षावाले स्लामेत आणि काडीला मांस भाजून विकणारे सतेवाले स्लामेत. राजाचं तेज द्यायला निघाले होते मी, आणि तुम्ही पोराला खुशालीच्या कार्डावरचा मजकूर दिलात.

बाहेर आले तर नाइ पोल्ताक म्हणते, "मग आता आम्ही तुला काय म्हणून हाक मारायची?" मी म्हटलं, "जेवण झालं असेल तर हात धू." पण प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी मोठे काका आले, सोबत चर्चचे दोघं. खांबाशी बोलले. "खांबा, दिलेलं जेवण परत घेता येत नाही, दिलेलं नाव परत घेता येत नाही. तिगोरच्या बायकोला मार्चमध्ये दिवस भरतील. मुलगा झाला तर त्याचं नाव सहाला ठेवावं. ओंपू सहाला आहे तशीच राहील. कुणाला काही खाली बघायला नको."

सगळ्यांच्या माना हलल्या. खरंच सोपं आहे. माझं नाव राहतं, चर्चमधली खुर्ची राहते, बाजाराचं तोंड बंद होतं. तिगोरची बायको रोतुआ तर लाजून आत पळाली, एवढी खूष झाली. पण तुला कळतंय ना याचा अर्थ काय? मग पहिला नातू तिगोरचा. तुझं पोर मोजणीतच नाही. उद्या तो मोठा होऊन इथे आला तर कुणाचा कोण म्हणून त्याला ओळख नाही, मी त्याची ओंपू नाही. तुझं घर या गावातून पुसलं जाईल, आणि कुणी भांडणार नाही, ओरडणार नाही. जेवून जातील फक्त.

मी तिगोरला म्हटलं, "तू काहीतरी बोल." तिगोर नावासारखाच, सरळ. म्हणाला, "आई, दादाने नाव टाकलं, मी उचलतो. लहानपणापासून त्याचे उतरलेले शर्ट घातले, उतरलेले बूट घातले. एक नाव घेतलं तर काय बिघडलं?" मग हळूच म्हणाला, "हे तर बुटांपेक्षा बरं आहे."

मी अजून हो म्हटलेलं नाही. मार्चपर्यंत वेळ आहे. तू ये. पोराला घेऊन ये, मूर्तिनीलाही आण. ती मामाची मुलगी होवो न होवो, मी विचारणार नाही. पोराला फक्त लोकांसमोर माझ्या मांडीवर बसव. बाकी मी बघते.

खाली काय सही करू ते समजत नाही.

आई


बालिगे, २२ मार्च १९८७

हापोसान,

तू आला नाहीस. पत्रही नाही. मी मधे तुझ्या बाजूने बरीच कारणं शोधली, रजा नसेल, पैसे नसतील, मूर्तिनीला बरं नसेल. ती सगळी मी नाइ पोल्ताकला सांगितली आणि ती मान हलवत ऐकत राहिली. त्यापेक्षा ती हसली असती तर बरं झालं असतं.

रोतुआला मुलगा झाला. गेल्या रविवारी त्याचं नाव ठेवायचं जेवण होतं. आता काय झालं ते ऐक, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकशील तर ते वेगळं सांगतील.

घर भरलं होतं. रोतुआच्या माहेरचे उलोस घेऊन आले होते, मामाही आला होता. मी पहाटेपासून मासे करत होते, माझे हात तिरफळाने बधिर झाले होते. रोतुआने बाळाला नवं कापड गुंडाळलं होतं. तिगोरने बाबांचा कोट घातला होता. तो कोट त्याला होत नाही, खांद्यात आखडतो, तरी घातला होता. मोठे काका उठले, खांबाकडे वळले. "खांबा," ते म्हणाले, "आज या घरात सहाला आला."

आणि मी उभी राहिले. मला वाटतं मी तोवर ठरवलं नव्हतं. मला खरंच आठवत नाही. मोठ्या काकांशी मला थेट बोलता येत नाही, म्हणून मीही खांबाकडेच बघितलं. म्हटलं, "खांबा, चूक ऐकू नकोस. ज्याच्या नावाने मी ओंपू झाले तो सोलोला आहे. त्याचं नाव आता स्लामेत. माझ्या थोरल्याचा थोरला. तो जिवंत आहे, त्याला दात आहेत, तो उभा राहतो. जिवंत पोराच्या जागेवर दुसरं पोर बसवायचं नाही. या बाळाला त्याचं स्वतःचं नाव द्या. मी ओंपू स्लामेत."

 मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ओंपू स्लामेत, सहा सते द्या, चटणी वेगळी." आणि अख्खं घर हसलं. हसायला काय, हसण्यासारखंच होतं. चर्चचे दोघंही हसले. मोठे काका हसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं, मग खांबाला काही न सांगता खाली बसले. मामा माझ्याजवळ आला. म्हणाला, "ताई, हे जावाकडचं नाव घेऊन भाऊजींच्या शेजारी पडणार आहेस तू?" मी म्हटलं, "पडणार. दगडावर तेच कोरायचं, तुला सांगून ठेवते." तो म्हणाला, "पोरगा एक पत्र टाकत नाही तुला." मी म्हटलं, "माहीत आहे."

बाळाचं नाव बिन्सार ठेवलं, उगवलेला. चांगलं नाव आहे. घाईत ठेवलं तरी चांगलं आहे.

सगळे गेल्यावर मी भांडी गोळा करत होते. तिगोर दारात आला, कोट काढून हातावर घेतला होता. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, "आई, मी इथेच होतो गं." आणि गेला.

तेव्हापासून तो खानावळीत येत नाही. सरपण तो आणायचा, पहाटे बोटीवरून मासे तो आणायचा. आता मी जाते. रोतुआ चर्चमध्ये माझ्या बाजूच्या बाकावर बसायची, आता चार बाकं मागे बसते. बाळाला मी त्या रविवारनंतर हातात घेतलेलं नाही. घर समोरच आहे, रडला की ऐकू येतो. जो मुलगा माझ्याजवळ राहिला त्याला मी सगळ्यांसमोर तोंडावर पाडलं, आणि तुझ्यासाठी. म्हणजे तुझ्यासाठी नाही. तुझ्यावर मी इतकी चिडलेली आहे की तू समोर असतास तर पळीने मारलं असतं.

त्या पोरासाठी. त्याला मी पाहिलेलं नाही, त्याचा एक फोटोसुद्धा तुम्ही पाठवलेला नाही. पण त्याने ताप काढला. माझं नाव टाकून दिलं आणि जगला. मी ते नाव प्रेमाने दिलं होतं, नाव चांगलंच होतं, मी चुकले असं मी कुणासमोर म्हणणार नाही. पण त्याला नाही पेललं, तर नाही पेललं. सहालाच्या जागी तिगोरचं बाळ ठेवलं असतं तर मला रोज असं वाटलं असतं की पहिला मेला आणि हा त्याच्या बदल्यात आला. तो मेलेला नाही. मी ज्या दिवसांत पोस्टमनकडे बघत बसायचे, त्या दिवसांत मला फक्त एवढंच हवं होतं, तो सुखरूप असावा. मग त्याचं नाव सुखरूप निघालं तर मी तोंड कशाला वाकडं करू?

बाजारात आता दोन पक्ष आहेत. म्हातारे अजून ओंपू सहाला म्हणतात, जणू काही झालंच नाही. पोरंटोरं ओंपू स्लामेत म्हणतात आणि सते मागतात. मी दोन्ही हाकांना ओ देते. गिऱ्हाईक आहे, काय करणार. नाइ पोल्ताक दोन्ही नावं घेत नाही, नुसतं "ए" म्हणते.

ये असं आता म्हणत नाही, ते एकदा म्हणून झालं. येऊ नकोस असंही म्हणत नाही. एक मात्र कर. तिकडची माणसं नावं बदलतात. शाळेत घालताना बदलतील, पुन्हा कधी तापला तर बदलतील, लग्नात तर बदलतीलच. तेव्हा बदलायच्या आधी मला एक कार्ड टाक. दोन ओळींचं चालेल. मी या वयात कोण आहे, ते मला ताटं वाढताना दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.

ओंपू स्लामेत